लेबल काढलेले डबे

३ फेब्रुवारी

वन्सं,

तुझा भाऊ पडला. घाबरू नकोस, उंचावरून नाही. एका दुकानाला पुढची काच बसवत होता, शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून उतरताना पाय चुकला. काच वाचवली आणि गुडघा दिला. काचेला ओरखडाही आला नाही हे तो येईल त्याला कौतुकाने सांगतोय, जसा काही गुडघा बाजारात दुसरा मिळतो.

हाड मोडलेलं नाही, आतला लिगामेंट ताणला गेलाय. सहा आठवडे घरी बसायचं. सूज उतरवायची जोरदार गोळी डॉक्टर देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसात गुठळी अडकली होती, तेव्हापासून तो रक्त पातळ ठेवायची गोळी घेतो ना, तिच्याबरोबर ती चालत नाही म्हणे. त्यामुळे नुसता बर्फ, पट्टा आणि पाय उशीवर.

खरी चिंता वेगळीच आहे. नव्या शाळेच्या एकशे चाळीस खिडक्या त्याला मिळाल्यात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं नाही तर ते दुसऱ्याकडे जाईल. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालंय, म्हणून दिवसातून दहा वेळा गुडघ्याला बोट लावून बघतो आणि मलाही बघायला लावतो.

फोनच केला असता, पण मी बोलायला लागले की तो शेजारून दुरुस्त्या सांगतो. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुझी वहिनी

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी घाबरले आणि मग हसू आलं. दादाने काच वाचवली नसती तर मला आश्चर्य वाटलं असतं.

या पत्राबरोबर तीन डबे पाठवतेय. आमच्याच कारखान्यातल्या कॅप्सूल आहेत. जोरदार गोळी चालत नाही ना? मग ही चालेल, कारण हे औषधच नाही. हळदीचा अर्क, आलं, मिरी आणि एका झाडाचा डिंक, बस. खेळाडू घेतात, नाचणाऱ्या बायका घेतात, सूज उतरते आणि दुखापत लवकर भरून येते. सगळं नैसर्गिक आहे, अपाय कसला होणार?

डब्यांवर लेबल नाही म्हणून बिचकू नकोस. घरच्यांसाठी मिळतात ते असे कोरेच मिळतात. त्यातला माल जरा सौम्य असतो, म्हणून सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घ्यायला सांग. झाकणात चिठ्ठी ठेवली आहे. फक्त कुठून आले ते बाहेर कुणाला सांगू नकोस, डॉक्टरांना तर नाहीच. त्यांना आपल्या गोळ्यांपुढे दुसरं काही खपत नाही.

दादाला म्हणावं, एप्रिलमध्ये तू शिडीवर असशील. ही जबाबदारी माझी.

तुझी नणंद

२८ फेब्रुवारी

वन्संबाई,

तुझ्या कॅप्सूलना मानलं. तीन आठवडेही झाले नाहीत आणि सूज निम्म्याने उतरली. काल भिंतीला धरून गॅलरीपर्यंत गेला आणि तिथून शाळेच्या बाजूला बघत उभा राहिला.

तुझं गुणगान इतकं चाललंय की मला तुझा हेवा वाटायला लागलाय. 'माझी बहीण औषधांच्या कारखान्यात तपासणी अधिकारी आहे, तिच्या सहीशिवाय डबा बाहेर पडत नाही,' हे त्याच्याबरोबर काम करणाऱ्या सुताराला सांगून झालं, सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांना सांगून झालं. दोघांना मूठमूठभर कॅप्सूल वाटल्या. मी म्हटलं, अरे बाहेर सांगायचं नाही ना? तर म्हणतो, ही काय बाहेरची माणसं आहेत का. पालथ्या घड्यावर पाणी.

एक विचारायचं होतं. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, रोज येतं. दंडावर निळे डागही दिसतात, कुठे आपटल्याचं त्याला आठवत नाही. डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं तर म्हणतो, आधी माझ्या बहिणीला विचार.

म्हणून विचारते.

वहिनी

४ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत बरोबरच्या बायकांना वाचून दाखवलं. आमच्या मालाने कोणी असं उभं राहिलेलं आम्हाला कधी कळत नाही गं. डबे पट्ट्यावरून सरकत जातात, पुढे काय होतं कुणास ठाऊक. मला फार बरं वाटलं.

हिरड्यांचं काही नाही. दादा दात घासतो की काचेवरची पुट्टी खरवडतो हे तुला माहीतच आहे. मऊ ब्रश आणून दे. आणि डाग म्हणशील तर अशा नैसर्गिक गोष्टी सुरुवातीला अंगातली उष्णता बाहेर काढतात. बंद अजिबात करू नकोस, आता कुठे गुण यायला लागलाय. आणखी दोन डबे पाठवते.

तुझी नणंद

१९ मार्च

वन्सं,

तुझा दादा दवाखान्यात आहे. काल रात्री गुडघा एकाएकी फुगला, मांडीपर्यंत टणक झाला, आणि लघवी लाल झाली. गुडघ्याच्या आत रक्तस्राव झालाय. तपासणीत निघालं की रक्त पाहिजे त्यापेक्षा तिप्पट पातळ झालंय. का झालं ते डॉक्टरांना कळत नाही. गोळी तीच आहे, मात्राही तीच आहे.

त्यांनी मला विचारलं, आणखी काही घेतात का. मी नाही म्हटलं.

तू ये. तो विचारतोय.

वहिनी

२२ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. मार्चअखेरीची घाई आहे, रजा देत नाहीत. सुटता आलं की लगेच निघते.

त्या कॅप्सूल सध्या देऊ नकोस. म्हणजे त्यांच्यामुळे काही झालं असं नाही, पण कशाला उगीच, इतकी औषधं चालू असताना. उरलेले डबे फेकून दिलेस तरी चालेल.

दादाला माझा नमस्कार सांग. काळजी घे.

नणंद

६ एप्रिल

वन्सं यांस,

तुमच्या भावाला घरी आणून सहा दिवस झाले. तुम्हाला कळवायचं राहिलं होतं, तुम्हीही विचारलं नाहीत.

बारा दिवस तो दवाखान्यात होता. सुतार रोज येत होता, मास्तर काठी टेकत दोनदा आले. तुम्हाला रजा मिळाली नाही. बारा दिवसांत दारात कोणाचीही चाहूल लागली की तो मान उचलून बघायचा, आणि मग मला म्हणायचा, तिच्यावर केवढी जबाबदारी असते, तुला नाही कळायचं.

गुडघा अर्ध्यावरच वाकतो. पुढे किती वाकेल ते सांगता येत नाही म्हणतात. शाळेच्या खिडक्या दुसऱ्या काचवाल्याकडे गेल्या. तो माणूस घरी येऊन मापं घेऊन गेला. तुमच्या भावाने त्याला बसवून सगळी मापं नीट समजावून सांगितली आणि नंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

आता नवीनच सुरू झालंय. त्याचं म्हणणं, गुडघा बहिणीच्या औषधाने बराच झाला होता, बिघडवला तो डॉक्टरांच्या गोळीने, रक्त पातळ तिनेच केलं. परवापासून ती गोळी त्याने बंद केली आहे. मला म्हणतो, बहिणीला लिही, आणखी डबे पाठव म्हणावं.

मी निरोप पोचवला. पाठवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची वहिनी

१० एप्रिल

वहिनी,

तू 'तुम्ही' म्हटलंस ते बरोबर केलंस. मला रजा मिळत नव्हती हे खोटं आहे. मी रजा मागितलीच नाही.

मी तपासणी अधिकारी नाही. कधीच नव्हते. दादाने तो हुद्दा आपल्या मनाने लावला आणि मी अकरा वर्षं तो खोडला नाही. माझं काम एवढंच, की पट्ट्यावरून डबे येतात, त्यांचं लेबल सरळ लागलंय का बघायचं. ते कसं बघतात सांगते. लेबलाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, तिच्याखाली स्टीलची पट्टी धरायची. ओळ पट्टीला समांतर असली की डबा पुढे, नसली की बाजूला. रोज शेकडो डब्यांच्या त्या ओळीखाली मी पट्टी धरते. ती ओळ मी कधी वाचली नव्हती. सरळ आहे की वाकडी एवढंच बघत आले.

तुझं १९ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी पट्ट्यावरचा एक डबा उचलून ती ओळ वाचली. 'रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.'

पहिल्याच पत्रात तू त्या गोळीचं लिहिलं होतंस. जोरदार गोळी का चालत नाही हेही लिहिलं होतंस. आणि त्याच कारणासाठी मी हे पाठवलं.

आणखी आहे, तेही आजच सांगते, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. घरच्यांना डबे मिळतात हेही खोटं. प्रत्येक बॅचमधले थोडे डबे एका कपाटात राखून ठेवतात. तक्रार आली तर तपासायला लागतात म्हणून. मुदत संपून सहा महिने झाले की ते नष्ट करायचे. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. 'नष्ट केले' अशी सही करून मी ते घरी आणले. कुठले आहेत ते कळू नये म्हणून बादलीत गरम पाणी घेऊन लेबलं भिजवून काढली. ती ओळ माझ्या हाताने सोलून निघाली आणि केराच्या टोपलीत गेली. जुना माल आहे, जोर कमी झाला असेल, असं मनाशीच ठरवून मी दोनाच्या चार केल्या. कोणाला विचारलं नाही. विचारणार कुठल्या तोंडाने?

आणि तू हिरड्यांचं विचारलंस तेव्हा उष्णता बाहेर पडते असं मी लिहिलं. हे मी कुठे वाचलंही नव्हतं. कोणीतरी म्हणतं म्हणून मीही म्हटलं, अधिकाऱ्याच्या थाटात. वहिनी, त्या एका वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू वेळेवर विचारलं होतंस.

हे सगळं डॉक्टरांना आजच सांग. माझं नाव घेऊन सांग. आणि दादाला गोळी घ्यायला लाव. माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तरी चालेल.

नणंद

१४ एप्रिल

वन्सं,

तुझं पत्र मी स्वयंपाकघराचं दार लावून वाचलं. मग बाहेर येऊन चहा केला, त्यात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि तुझ्या भावाने तो न बोलता प्यायला. माझ्या चेहऱ्याकडे बघून काही विचारायची त्याची हिंमत झाली नसावी.

राग आला. अजून आहे. तुझी जुनी पत्रं काढून उष्णतेची ओळ दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा तुला मनातल्या मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण तू एवढं लिहिलंस तर मलाही लिहिलं पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं हे तुला कळवलंच होतं. पुढचं कळवलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं, तीन वेगवेगळ्या वेळी. आयुर्वेदिक काही, घरगुती काही, दुकानातून आणलेलं काही? तिन्ही वेळा मी त्यांच्या डोळ्यात बघून नाही म्हटलं. तुझी नोकरी जाईल अशी भीती होती असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला वाटत होतं, ते मला अडाणी म्हणतील. बाई, एवढंही कळत नाही का तुम्हाला, असं चार लोकांसमोर म्हणतील. माझी अब्रू वाचवायला मी त्याला आत रक्त वाहू दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो अर्धवट शुद्धीत होता तेव्हा पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितला आणि विचारलं, ह्यावर लिहिलेलं कुठे आहे? हळद, आलं, मिरी आणि डिंक, एवढंच मी सांगितलं. पण उपचार त्यांनी तिथूनच बदलले. दीड दिवस मी गप्प बसले, तो दीड दिवस माझा आहे, तुझा नाही.

आता ऐक. त्याने गोळी बंद करून दहा दिवस झाले. मी डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, रक्तस्राव थांबल्यावर मुद्दाम मोजून पुन्हा सुरू केलेली गोळी आहे, ती नाही घेतली तर गुठळी पुन्हा होईल, आणि या वेळी फुप्फुसात थांबेल असं नाही. मी सांगून थकले. तो म्हणतो, तू डॉक्टरांच्या बाजूची. डॉक्टर घरी आले तर म्हणतो, तुम्ही तुमच्या गोळीच्या बाजूचे. या घरात एकाच माणसाच्या शब्दावर त्याचा विश्वास आहे, आणि तो माणूस तू आहेस.

म्हणून मी त्याला काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल, मी तुझ्यावर ढकलतेय. तूच लिही, त्याच्या नावाने. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, तो तुला समजावत बसेल, आणि मुद्दा बाजूला राहील. कुरिअरने पाठव, दुसऱ्या दिवशी पोचतं.

अधिकारी बाईंनी नको, तू लिही.

वहिनी

१५ एप्रिल

दादा,

पत्र हातात पडलं की आधी उठून तुझी ती गोळी घे, मग पुढचं वाच. मी थांबते.

गुडघा त्या गोळीने बिघडला नाही. मी पाठवलेल्या कॅप्सूलने बिघडला. त्या रक्त आणखी पातळ करतात. तुझ्या गोळीबरोबर त्या चालत नाहीत, हे डब्यावर छापलेलं असतं. तो कागद मीच काढून टाकला होता, कारण डबे चोरलेले होते. चोरलेले आणि मुदत संपलेले. त्यात चार घ्यायला मी सांगितलं. सूज तर सहा आठवड्यांत बर्फाने आणि विश्रांतीने उतरलीच असती.

मी अधिकारी नाही, दादा. डब्यावरचा कागद सरळ लागलाय का एवढंच मी बघते. तू सगळ्यांना अभिमानाने सांगायचास आणि मी ऐकून गप्प राहायचे, कारण ऐकायला गोड वाटायचं. तू लोकांना सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं असावं. नाहीतर तुझ्या शरीराबद्दल मी एवढ्या ठामपणे कशी बोलले असते?

तुझ्या एकशे चाळीस खिडक्या माझ्यामुळे गेल्या. दवाखान्यात तू दाराकडे बघायचास असं वहिनीने कळवलं. मी आले नाही, कारण मला तेव्हा सगळं कळलेलं होतं. माझ्या बहिणीला विचारा, असं तू माझ्यासमोर डॉक्टरांना म्हणाला असतास तर मी काय करणार होते?

आज साहेबांना कपाटाची किल्ली परत दिली आणि का देते तेही सांगितलं. त्यांनी घरी बसायला सांगितलंय, पुढचं कळवतील.

सुताराला आणि मास्तरांना दिलेल्या कॅप्सूल परत घे. मास्तरांचं वय बघता ते काय काय घेत असतील देव जाणे. आणि गोळी घेत जा. बाकी माझं काही मागणं नाही.

तुझी धाकटी

२० एप्रिल

धाकटीस,

पत्र पोचलं. गोळी आधी घेतली नाही, पत्र पुरं वाचलं, मग घेतली. पाच दिवस झाले, रोज चालू आहे. काल तपासणी केली. डॉक्टर म्हणाले, सुदैवाने निभावलं.

मला पत्रं लिहायची सवय नाही, ते खातं तुझ्या वहिनीचं. पण ती म्हणाली, हे तूच लिही. ती शेजारी बसली आहे आणि मी दुरुस्त्या सांगतो तशा ती आता मला सांगतेय.

सुताराकडून कॅप्सूल परत आणल्या. मास्तरांकडे जायला तीन जिने चढलो. पाय वाकत नाही, म्हणून एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून चढलो. त्यांनी अजून घेतल्या नव्हत्या, मुलगा आला की विचारू म्हणून ठेवल्या होत्या. मास्तर माणूस, विचारल्याशिवाय काही करत नाही. माझी बहीण अधिकारी आहे असं मी त्यांना सांगितलं होतं, ते खरं नव्हतं, हेही सांगून आलो. ते जिन्यांपेक्षा अवघड गेलं.

आता माझं ऐक. तू चार लिहिल्या होत्यास, मी सहा घेत होतो. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, वहिनीची पाठ वळली की. चाराने एवढा गुण येतो तर सहाने महिनाभर आधी शिडीवर चढू, असा हिशेब केला. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. आत्ता लिहिताना तिने वाचलं, आणि ती उठून आत गेली आहे. यामुळे तुझी चूक कमी होत नाही. माझीही आता लपत नाही.

काम सुरू केलंय. टेबलाशी बसून काच कापतो, बसवायला दुसरी माणसं जातात. शिडीचं पुढे बघू.

तू डबे चोरलेस याचा राग आहे. चार लिहिल्यास याचा आहे. दवाखान्यात आली नाहीस याचा सगळ्यात जास्त आहे. तो पत्रात लिहून संपणार नाही, तू समोर बसल्याशिवाय निघायचा नाही. म्हणून रविवारी ये. आल्यावर मी बोलेन, तू ऐकून घे, आणि मग जेवू.

येताना काही आणू नकोस.

दादा